डांगी गुरे : जातिलक्षणे व जतन

सह्याद्रीच्या अतिपर्जन्य पट्ट्यातील, प्रामुख्याने ओढकामासाठी पाळली जाणारी गुरांची एक जात. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याचा अकोले तालुका, नासिक जिल्ह्याचा इगतपुरीकडील भाग, ठाणे व पालघर जिल्ह्यांतील डोंगराळ भाग आणि गुजरातमधील डांग हा तिचा मूळ प्रदेश होय. डांग या प्रदेशनामावरून जातीस हे नाव पडले. अकोल्याच्या पश्चिम भागासही लोकव्यवहारात डांगाण असे म्हणतात.

या जातीची लक्षणे पावसाने घडविली आहेत. घाटघर परिसरात वर्षाला ५,००० मिमी.च्या आसपास पाऊस पडतो, तर याच जिल्ह्याचा पूर्वभाग अवर्षणप्रवण आहे. पठारावर नावाजलेले खिल्लार बैल भाताच्या चिखलात रुळले नाहीत. डांगी मात्र तेथेच टिकले. त्यांच्या त्वचेतून तेलकट स्राव पाझरत असल्याने पाणी अंगावर ठरत नाही. खूर काळे व गारगोटीसारखे कठीण असतात. डोके लहान, कपाळ किंचित पुढे आलेले, शिंगे आखूड व जाड, वशिंड मध्यम व घट्ट, पाय आखूड पण मजबूत असतात. पांढऱ्या अंगावर तांबडे वा काळे ठिपके विषम विखुरलेले असतात. रंगछटांवरून पाळणाऱ्यांनी बहाळा, मणेरा, खैरा अशी नावे रूढ केली आहेत.

कानडी, महादेव कोळी, ठाकर व मराठा पशुपालकांनी कोणत्याही लेखी वंशावळीविना ही निवड केली. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने १९५३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या जोशी व फिलिप्स यांच्या ग्रंथात डांगीचे वर्णन आले असून तेथे तिचा समावेश गीर व देवणी यांच्या गटात आहे. देशी पशूंच्या नोंदणीसाठी राष्ट्रीय संस्था मात्र १९८४ मध्ये निघाली. डांगी आज तिच्या नोंदणीकृत जातींत आहे.

दरम्यान जिल्ह्याचे लक्ष दुधाकडे वळले होते. राहुरी येथील कृषी विद्यापीठाने होल्स्टीन, जर्सी व गीर यांच्या संकरातून ‘फुले त्रिवेणी’ ही गाय तयार केली. डांगी गाय एका वेतात सरासरी पाचशे किग्रॅ.च्या आसपास दूध देते. या तुलनेत ती टिकणे शक्य नव्हते. तथापि ही तुलनाच अपुरी आहे, कारण डांगीची खरी किंमत बैलात होती. यांत्रिक नांगरणीने नेमकी तीच कमी केली.

अकोले तालुक्यातील राजूर येथे डांगी जनावरांचे वार्षिक प्रदर्शन भरते व उत्तम वळू निवडले जातात. त्याने जातीला प्रतिष्ठा व खरेदीदार मिळतात. पण ते हिवाळ्यात भरते. रंग, बांधा, शिंगे पारखता येतात. भर पावसात कातडी व चिखलात खूर कसे टिकतात, हे तेथे दिसत नाही. देखण्या ठिपक्यांच्या वळूस अधिक मान मिळाल्यास नोंदीत डांगी राहील आणि गुण मात्र हरवतील, ही भीती निराधार नाही. गोठविलेल्या रेताने वंश साठविता येतो. पारख मात्र भातखाचरातच होते. बैलाने शेती करणे सोडलेले घर गोऱ्हा वाढवीत नाही आणि त्यामुळे वळू निवडण्यास उरणाऱ्या गोऱ्ह्यांची संख्या आपोआप घटते.