प्रबंधात नकाशाचा संदर्भ कसा द्यायचा? नाशिकच्या उदाहरणासह

मावसबहिणीच्या भूगोलाच्या प्रबंधासाठी मी गोदावरीकाठचा नकाशा करून दिला आणि खाली ‘स्रोत: इंटरनेट’ एवढंच लिहिलं. तिच्या मार्गदर्शकांनी विचारलं, “ही नदी कोणत्या वर्षीची?” उत्तर आम्हा दोघांकडेही नव्हतं.

प्रश्न रास्त होता. गंगापूर धरण १९६५ मध्ये पूर्ण झालं, त्याआधीच्या सर्वेक्षणात जलाशय सापडणार नाही. २०१५ च्या सिंहस्थासाठी नवे घाट बांधले गेले. पूररेषेबद्दल काही म्हणायचं असेल, तर नकाशाचं वर्ष सांगावंच लागतं.

टोपोशीट: भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशासाठी विभागाचं नाव, शीट क्रमांक, प्रमाण, सर्वेक्षणाचं वर्ष आणि प्रकाशनाचं वर्ष लिहा. शेवटची दोन वर्षं वेगळी असू शकतात. शीटच्या समासात ती छापलेली असतात. क्रमांक नीट बघा, कारण २० अंश उत्तर अक्षवृत्त नाशिक शहरातूनच जातं. त्यामुळे जुन्या क्रमांकानुसार शहराचा उत्तर भाग ४६ एच/१६ मध्ये, तर दक्षिण भाग ४७ ई/१३ मध्ये येतो. दोन्ही वापरल्या तर दोन नोंदी करा.

नमुना असा:
भारतीय सर्वेक्षण विभाग (प्रकाशन वर्ष). टोपोशीट ४७ ई/१३, १:५०,०००. सर्वेक्षण: (वर्ष). डेहराडून.

ओपनस्ट्रीटमॅप: हा डेटा रोज बदलतो, म्हणून डाउनलोडची तारीख हवीच. त्याचं लायसन्स ओडीबीएल आहे, त्यामुळे ‘© ओपनस्ट्रीटमॅप कॉन्ट्रिब्युटर्स’ असा उल्लेख करावा लागतो.

उपग्रह प्रतिमा: इथे दोन तारखा लागतात: प्रतिमा टिपल्याची आणि तुम्ही ती पाहिल्याची. ‘भुवन’वरून घेतली असेल तर उपग्रह आणि सेन्सरचं नावही द्या. उंचीसाठी एसआरटीएम वापरलं, तर ते मोजमाप फेब्रुवारी २००० मधलं आहे हे लिहा.

स्वतः केलेला नकाशा: क्यूजीआयएसमध्ये थर एकत्र केले, की नकाशा तुमचा, पण डेटा इतरांचा. म्हणून ‘नकाशा: लेखक, डेटा: …’ असं लिहा आणि प्रत्येक थराचा वेगळा संदर्भ द्या. सोबत प्रक्षेपणही सांगा. नाशिकसाठी बहुधा यूटीएम झोन ४३ उत्तर, म्हणजे ईपीएसजी:३२६४३. जुन्या टोपोशीट एव्हरेस्ट गोलाभावर आहेत. डेटम न बदलता त्या डब्ल्यूजीएस ८४ वर बसवल्या, तर नदी जागची सरकलेली दिसते.

शेवटी एकच कसोटी लावा: तुमची नोंद वाचून अनोळखी माणसाला तोच नकाशा, त्याच वर्षाचा, परत काढता आला पाहिजे. बहिणीच्या नकाशाखाली आता चार ओळी आहेत. नदी कोणत्या वर्षीची, हे त्यात लिहिलेलं आहे.