दख्खनच्या बेसाल्टखालील प्राचीन खंडीय कवच : समस्थानिकीय शोधाचा मागोवा

पिंपरी-चिंचवड ते चाकण या औद्योगिक पट्ट्यातील कारखान्यांचे पाये ज्या काळ्या पाषाणात रोवले गेले, तो बेसाल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा आहे. मोशीच्या खाणींत दिसणारा हा खडक सर्वत्र एकसारखा भासतो. अभ्यासकांचाही समज दीर्घकाळ काहीसा तसाच होता. या थरांखालच्या अतिप्राचीन कवचाची चाहूल त्यांच्यातच दडलेली आहे, हे समस्थानिकांच्या मोजणीनंतर स्पष्ट झाले.

रुबिडियम-८७ चा क्षय होऊन स्ट्राँशियम-८७ तयार होते. या क्षयाचे अर्धायुष्य जवळजवळ ४९ अब्ज वर्षे आहे. खंडीय कवचात रुबिडियम तुलनेने अधिक असल्याने जुन्या कवचात स्ट्राँशियम-८७ व ८६ यांचे गुणोत्तर वाढलेले आढळते. प्रावरणातून फारशी भेसळ न होता वर आलेल्या शिलारसात ते ०.७०४ च्या आसपास राहते. वाटेत जुना ग्रॅनाइटी खडक वितळून मिसळला, म्हणजेच प्राचीन कवचाची पुनर्घडण झाली, तर तो आकडा चढतो.

१९८२ मध्ये महोनी व सहकाऱ्यांनी महाबळेश्वर परिसरातील थरांचे असे विश्लेषण प्रसिद्ध केले. पुढे कॉक्स व हॉक्सवर्थ (१९८५), तसेच के. व्ही. सुब्बाराव यांचा सहभाग असलेल्या गटाने (१९८६) घाटांतील थरांची रासायनिक क्रमवारी लावली. तीत भीमाशंकर व खंडाळा ही परिचित नावे शैलसमूहांना मिळाली. आंबेनळी समूहाचे गुणोत्तर प्रावरणाशी जुळते. खंडाळा समूहावरील बुशे समूहात मात्र ते ०.७१३ च्याही पुढे जाते. एवढा फरक केवळ प्रावरणातील विविधतेने उलगडत नाही. निओडिमियमची गुणोत्तरेही याच निष्कर्षास दुजोरा देतात.

प्रत्यक्ष पुरावा हाती आला तो भूकंपांच्या निमित्ताने. किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपानंतर घेतलेल्या छिद्रात ३३८ मीटर बेसाल्टखाली पायाभूत खडक लागला. कोयना परिसरात रासाटी येथे सुमारे ९३३ मीटर बेसाल्ट ओलांडल्यावर ग्रॅनाइट व पट्टिताश्म मिळाले. अर्थात कोयनेचा नमुना चाकणच्या पायास जसाच्या तसा लावणे धाडसाचे ठरेल. मध्य दख्खनमधील डाइकांत अडकून वर आलेल्या परकीय खडकांच्या तुकड्यांत हेच गुणोत्तर ०.७०९ पासून ०.७८ पर्यंत पसरलेले आढळले. यावरून थोड्या अंतरातही पायाभूत खडक किती बदलतो, हे दिसते.