विकेंद्रित आवृत्ती-नियंत्रण प्रणाली : विकास व चाचणी

विकेंद्रित आवृत्ती-नियंत्रण प्रणाली : संगणकाच्या आज्ञावलीत अथवा अन्य लिखित सामग्रीत वेळोवेळी होणाऱ्या बदलांची क्रमवार नोंद ठेवणारी आणि त्या नोंदींचा संपूर्ण इतिहास प्रत्येक सहभागी व्यक्तीच्या संगणकावर उपलब्ध करून देणारी व्यवस्था. कोणता बदल कोणी, केव्हा व कोणत्या हेतूने केला हे तीवरून कळते. जुनी आवृत्ती हवी तेव्हा परत मिळविता येते आणि अनेकांनी स्वतंत्रपणे केलेले बदल एकत्र आणता येतात. २००५ मध्ये निर्माण झालेल्या गिट व मर्क्युरियल या तिच्या प्रमुख प्रणाली असून त्यांपैकी गिटचा प्रसार सर्वाधिक झाला आहे. ही प्रणाली स्वतः एक आज्ञावलीच असल्यामुळे तीत नवे वैशिष्ट्य घालताना पूर्वीच्या नोंदींना धक्का लागणार नाही, याची खात्री करून घ्यावी लागते. ही खात्री करून घेण्याची रीत कशी घडत गेली, हा तिच्या इतिहासातील महत्त्वाचा भाग होय.

पार्श्वभूमी : आवृत्तीचा प्रश्न संगणकापूर्वीचा आहे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ मध्ये झाल्यानंतर पिंपरी-चिंचवड परिसरात आणि पुढे चाकण परिसरात वाहननिर्मितीचे मोठे कारखाने व त्यांना सुटे भाग पुरविणारे लघुउद्योग यांचे दाट जाळे निर्माण झाले. अशा उद्योगात यंत्रभागाच्या आरेखनाच्या कोपऱ्यातील चौकटीत आवृत्तीचे अक्षर, बदलाचे स्वरूप, दिनांक व संमती देणाऱ्याची सही असते. बदल झाला, की नवे आरेखन पाठवून जुन्याच्या सर्व प्रती परत घ्याव्या लागतात. एखाद्या पुरवठादाराकडे जुनी प्रत राहून गेल्यास तीबरहुकूम घडविलेला भाग मापात अचूक असूनही जोडणीच्या वेळी बसत नाही. येथे दोष कारागिराचा नसतो. हाती असलेली प्रत कोणत्या आवृत्तीची आहे, हे ओळखण्याच्या व्यवस्थेचा असतो. आज्ञावलीच्या बाबतीत हा प्रश्न अधिक तीव्र होतो. कारण तिची प्रत काढण्यास जवळजवळ काहीच खर्च येत नाही आणि प्रत हाती आलेला प्रत्येक जण तीत बदल करू शकतो.

केंद्रित प्रणाली : अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत मार्क रॉचकाइंड यांनी १९७२ मध्ये एससीसीएस ही आवृत्ती-नियंत्रणाची पहिली महत्त्वाची प्रणाली तयार केली. पर्ड्यू विद्यापीठातील वॉल्टर टिची यांची आरसीएस ही प्रणाली १९८२ मध्ये पुढे आली. या दोहोंत एका वेळी एकानेच संचिकेत बदल करावा, असा दंडक होता. संचिका एकाने घेतली, की ती इतरांपुरती कुलूपबंद होई. ॲम्स्टरडॅम येथील डिक ग्रून यांनी १९८६ मध्ये सीव्हीएस प्रणालीस आरंभ केला. दोन विद्यार्थ्यांबरोबर एकाच आज्ञावलीवर काम करताना वेळा जुळत नसल्याने कुलूप सोडून द्यावे आणि बदल मागाहून जुळवून घ्यावेत, हा विचार तीत होता. तिच्यातील उणिवा दूर करण्याच्या हेतूने सबव्हर्जन ही प्रणाली २००० मध्ये हाती घेण्यात आली व २००४ मध्ये तिची पहिली पूर्ण आवृत्ती प्रसिद्ध झाली.

या सर्व प्रणालींत इतिहास एकाच मध्यवर्ती भांडारात राहत असे. भांडाराशी संपर्क तुटला, की नोंद करणे थांबे आणि नोंद करण्याचा अधिकार ज्याला नाही, त्याला आपल्या प्रयोगाचा इतिहास ठेवण्याची सोय नसे.

विकेंद्रित प्रणालींचा उदय : प्रत्येक प्रतीत पूर्ण इतिहास असावा, ही कल्पना एकविसाव्या शतकाच्या आरंभी अनेक ठिकाणी रुजली. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोनोटोन या प्रणालीने प्रत्येक आवृत्तीस तिच्या आशयावरून गणिती रीतीने काढलेली ओळखसंख्या दिली. लॅरी मॅकव्हॉय यांच्या कंपनीची बिटकीपर ही प्रणाली लिनक्स या मुक्त संगणकप्रणालीच्या गाभ्याच्या कामासाठी २००२ पासून विनामूल्य वापरली जात होती. तथापि तिची आंतररचना खुली नव्हती. अँड्रू ट्रिजेल यांनी तिच्याशी जुळणारे साधन लिहिण्याचा प्रयत्न केल्यावर वाद उद्भवला आणि एप्रिल २००५ मध्ये विनामूल्य वापराची सवलत काढून घेण्यात आली. हजारो संचिकांचा आणि जगभर विखुरलेल्या सहभागी तंत्रज्ञांचा हा उपक्रम एका परक्या साधनावर किती विसंबून होता, हे त्यामुळे उघड झाले.

लिनक्सचे प्रणेते लिनस टोरवाल्ड्स यांनी ३ एप्रिल २००५ रोजी गिटच्या लेखनास प्रारंभ केला आणि चारच दिवसांनी गिटचे बदल गिटमध्येच नोंदविले जाऊ लागले. त्याच महिन्यात ओलिव्हिया मॅकॉल यांनी त्याच गरजेपोटी मर्क्युरियल ही प्रणाली जाहीर केली. लिनक्सच्या गाभ्याची २·६·१२ ही आवृत्ती जून २००५ मध्ये गिटच्या आधारे प्रसिद्ध झाली. जुलैत गिटच्या देखभालीची सूत्रे जुनिओ हामानो यांच्याकडे आली आणि तेव्हापासून तिच्या विकासाला शिस्तबद्ध रूप आले.

रचना : गिटमध्ये संचिकेचा आशय, संचिकांची मांडणी आणि नोंद या प्रत्येकास स्वतंत्र ओळखसंख्या असते. नोंदीत तिच्या आधीच्या नोंदीची ओळखसंख्या अंतर्भूत असल्यामुळे जुन्या नोंदीतील एक अक्षर बदलले, तरी पुढील सर्व ओळखसंख्या बदलतात. त्यामुळे इतिहासात गुपचूप फेरफार करता येत नाही. मूळ कामापासून वेगळ्या काढलेल्या नोंदींच्या मालिकेस शाखा व दोन शाखा एकत्र आणण्यास विलीनीकरण म्हणतात. मराठी तंत्रज्ञांच्या बोलण्यात मात्र कमिट, ब्रँच, मर्ज हेच शब्द रूढ आहेत.

विलीनीकरणात दोन्ही शाखांचा समान पूर्वज शोधून प्रत्येक शाखेने त्यापासून कोणता बदल केला, हे पाहिले जाते. बदल वेगवेगळ्या ठिकाणी असतील, तर ते आपोआप एकत्र येतात. एकाच ओळीत असतील, तर निर्णय माणसावर सोपविला जातो. समान पूर्वजाचे महत्त्व हस्तलिखितांच्या परंपरेवरून स्पष्ट होते. चाकण व पिंपरी-चिंचवड यांच्या सान्निध्यातील आळंदी येथे ज्ञानेश्वरांची समाधी आहे. ज्ञानेश्वरीच्या हातोहात उतरविलेल्या प्रतींत पाठभेद शिरले, तेव्हा संत एकनाथांनी प्रती ताडून शके १५०६ मध्ये (इ. स. १५८४) शुद्ध प्रत सिद्ध केली आणि पुढे कोणी तीत आपली ओवी घालू नये, असे बजावले. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ मध्ये हाती घेऊन १९६६ मध्ये पूर्ण केली. तीतही शेकडो हस्तलिखितांची कुळे लावून त्यांचा पूर्वज अनुमानाने ठरवावा लागला. या परंपरेत प्रती विखुरलेल्या होत्या, पण त्यांचा परस्परसंबंध नोंदलेला नव्हता. विकेंद्रित प्रणालीत तो प्रत्येक प्रतीबरोबरच जातो. प्रती अनेक असणे हा तिचा विशेष नव्हे. प्रत्येक प्रतीला आपली वंशावळ ठाऊक असणे हा होय.

नव्या वैशिष्ट्यांचा विकास : गिटमध्ये नवे वैशिष्ट्य आणू इच्छिणारा तंत्रज्ञ त्यासाठी वेगळी शाखा काढतो आणि बदलांची लहान लहान भागांत विभागणी करून ते विपत्राने पाठवितो. प्रत्येक भागासोबत बदल का हवा, याचा खुलासा अपेक्षित असतो. अन्य जाणकार त्यावर आक्षेप घेतात व सुधारलेला मसुदा पुन्हा पाठविला जातो. मान्यतेच्या वाटेवरील शाखा प्रथम चाळणीच्या शाखेत, मग ‘नेक्स्ट’ या प्रायोगिक शाखेत आणि तेथे काही काळ वापरली गेल्यावर ‘मास्टर’ या मुख्य शाखेत जाते. प्रसिद्ध झालेल्या आवृत्तीच्या दुरुस्तीसाठी स्वतंत्र शाखा असते. प्रयोग करण्यास कोणालाही परवानगी लागत नाही. पण स्वीकृतीची जबाबदारी मात्र ठरावीक व्यक्तींकडे राहते. प्रतींचे विकेंद्रीकरण म्हणजे उत्तरदायित्वाचा अभाव नव्हे, हे या रचनेवरून दिसून येते.

चाचणी : गिटबरोबर चाचण्यांचा मोठा संच जोडलेला असतो. प्रत्येक चाचणी रिकामे भांडार तयार करते, तीत ठरावीक नोंदी करते आणि निष्पन्न उत्तर अपेक्षित उत्तराशी ताडून पाहते. चाचण्यांना विषयवार क्रमांक आहेत. ठाऊक असूनही न सुधारलेले दोष ‘अपयश अपेक्षित’ अशा शिक्क्याने संचातच नोंदविले जातात, त्यामुळे ते विस्मृतीत जात नाहीत. मर्क्युरियलच्या चाचणीत आज्ञा आणि तिचे अपेक्षित उत्तर एकाखाली एक लिहिलेले असल्याने चाचणी वाचणाऱ्यास वापराचा पाठही मिळतो.

चाचणी कोठे अपुरी पडते, हे २०१४ मध्ये दिसले. गिट आपली अंतर्गत माहिती एका राखीव नावाच्या संचिकापेटीत ठेवते व त्या नावाची सामग्री बाहेरून स्वीकारीत नाही. परंतु विंडोज व मॅक यांच्या नेहमीच्या संचिकाव्यवस्थेत रोमन लिपीतील लहान व मोठी अक्षरे एकच समजली जातात. त्यामुळे राखीव नाव मोठ्या अक्षरात लिहून परक्या भांडारातून घातक आज्ञा वापरणाऱ्याच्या संगणकावर उतरविणे शक्य होते. हा दोष प्रथम मर्क्युरियलच्या तंत्रज्ञांनी आपल्या प्रणालीत शोधला आणि तो गिटच्या तंत्रज्ञांना कळविला. डिसेंबर २०१४ मध्ये दोन्ही प्रणालींची दुरुस्ती प्रसिद्ध झाली व अशा नावांना नकार मिळतो की नाही, हे पाहणाऱ्या चाचण्या संचात समाविष्ट झाल्या. प्रतिस्पर्धी प्रणालींतील या सहकार्यामुळे अनेकांचा धोका टळला.

चाचणीसंच हा जुन्या अनुभवाचा साठा असल्याने तो नव्या रचनेचा परीक्षकही ठरतो. गिटमधील विलीनीकरणाची २००५ पासूनची रीत कालांतराने संथ व गुंतागुंतीची ठरली. एलायजा न्यूरेन यांनी ती मुळापासून नव्याने लिहिली. ही नवी रीत जुन्याच चाचण्यांतून तावूनसुलाखून घेण्यात आली. पूर्वी ‘अपयश अपेक्षित’ असा शिक्का असलेल्या काही चाचण्याही तीत यशस्वी झाल्या आणि नोव्हेंबर २०२१ मधील २·३४ या आवृत्तीपासून तीच रूढ झाली. ओळखसंख्या काढण्याच्या पद्धतीत बदल करणे याहून अवघड होते. गिटची १६० अंशांची मूळ पद्धत अभेद्य नाही, हे फेब्रुवारी २०१७ मध्ये ॲम्स्टरडॅम येथील संशोधन संस्था व गूगल यांच्या संशोधकांनी एकच ओळखसंख्या असलेल्या दोन भिन्न संचिका तयार करून दाखविले. त्यानंतर २५६ अंशांची पद्धत टप्प्याटप्प्याने आणली गेली. २०२० मध्ये ती प्रायोगिक म्हणून उपलब्ध झाली. २०२३ मध्ये तिच्यावरील प्रायोगिक हा शिक्का काढण्यात आला.

प्रणालीतील इतिहासाचा उपयोग चाचणीसाठीही होतो. आज्ञावली पूर्वी नीट चालत होती आणि आता चालत नाही, अशा वेळी ‘बायसेक्ट’ ही आज्ञा मधली नोंद तपासावयास देऊन प्रत्येक वेळी शोधाचे क्षेत्र निम्मे करते. हजार नोंदींतील सदोष नोंद सु. दहा तपासण्यांत हाती लागते. मात्र त्यासाठी प्रत्येक नोंद लहान व स्वयंपूर्ण असणे आवश्यक असते.

औद्योगिक महत्त्व : वाहनाचे इंजिन, गतिरोधक व सुरक्षा-उशा यांचे नियंत्रण आता इलेक्ट्रॉनिक घटकांतील आज्ञावलीद्वारा होते. भारतात १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज-६ या उत्सर्जन मानकांमुळे हे अवलंबन वाढले. वाहनांतील आज्ञावलीच्या अद्ययावतीकरणाविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा १५६ क्रमांकाचा नियम जानेवारी २०२१ मध्ये अंमलात आला. वाहनावर कोणती आवृत्ती बसविली आहे, हे ओळखता व सिद्ध करता आले पाहिजे, असे त्याचे तत्त्व आहे. तो लागू असलेल्या देशांत वाहने पाठविणाऱ्या उत्पादकांना त्याचे पालन करावे लागते. आरेखनाच्या चौकटीतील आवृत्तीचे अक्षर जे काम करी, तेच काम येथे नोंदीच्या ओळखसंख्येवर येते. पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यासारख्या वाहननिर्मितीच्या केंद्रांत म्हणून आवृत्ती-नियंत्रणाची शिस्त ही केवळ संगणकतज्ञांपुरती बाब राहिलेली नाही.

मर्यादा : ओळीओळीने लिहिलेल्या सामग्रीचे विलीनीकरण होते, त्रिमितीय आरेखनासारख्या संचिकांचे ते सहसा होऊ शकत नाही. त्यामुळे अशा संचिकांसाठी कुलूप लावण्याची जुनी रीत अद्याप उपयुक्त आहे. एकदा प्रसृत झालेल्या नोंदीतील गुप्त शब्द किंवा खाजगी माहिती सर्व प्रतींतून मागे घेता येत नाही. नोंदीवरील नाव नोंद करणाराच लिहीत असल्याने, अंकीय स्वाक्षरी नसल्यास ते विश्वसनीय पुरावा ठरत नाही. तसेच दोन बदल विनातक्रार एकत्र आले, म्हणजे त्यांचा अर्थही जुळला, असे होत नाही. ओळी जुळविणे हे प्रणालीचे काम आहे. गतिरोधक वेळेवर लागतो की नाही, हे चाचणीनेच कळते आणि ती चाचणी कोणती घ्यावयाची, हे अखेर माणसालाच ठरवावे लागते.