काचपट्टीमागचे हात

मी सुरतेत पॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळेत नव्यानेच लागले. वडील लिंबायतला पॉवरलूमवर, घरात बोली अहिराणी. माझं काम कापाचं. रुग्णाच्या ऊतीचा तुकडा बसवलेल्या मेणाच्या ठोकळ्यातून मायक्रोटोमवर चार मायक्रॉनचा काप काढायचा, कोमट पाण्यावर सुरकुती न पडू देता पसरवायचा, अलगद काचपट्टीवर उचलायचा, मग रंगवायचा. पेशींची केंद्रकं जांभळट निळी, बाकी सारं गुलाबी. गालाच्या आतला तुकडा आला की आमच्या गल्लीतले तंबाखू मळणारे काका-मामा डोळ्यांसमोर येतात.

आपल्याकडे कॅन्सरसाठी हे काम रुजलं, त्यात मुंबईतल्या परळचा मोठा वाटा. टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१मध्ये उघडलं, आणि तिथल्या प्रयोगशाळा डॉ. वसंत रामजी खानोलकरांनी घडवल्या. १९५५मध्ये संघवी, राव आणि खानोलकर यांनी तंबाखू ओढणं-चघळणं आणि तोंड-घशाचा कॅन्सर यांचा संबंध ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मांडला. त्याला कित्येक दशकं उलटली, तरी गालाचे ठोकळे येतातच. याचा मला संताप येतो.

पुण्यात जन्मलेल्या संशोधक कमल रणदिवे बॉल्टिमोरला शास्त्रज्ञ जॉर्ज गे यांच्याकडे शिकून परतल्या आणि परळलाच ऊतिसंवर्धनाची, म्हणजे शरीराबाहेर पेशी वाढवण्याची, प्रयोगशाळा उभारली. माझ्यासारख्या मुलींसाठी प्रयोगशाळेची वाट त्यांनीच पाडली, असं मी मानते.

अशा शोधनिबंधांवर शास्त्रज्ञांची नावं असतात. काप काढणाऱ्यांची क्वचितच. तुमच्या घरी अशा कुणा जुन्या प्रयोगशाळा-सहायकाच्या वह्या किंवा फोटो असतील, तर कृपा करून रद्दीत घालू नका.