चकणा, सोजू आणि अप्पांचं परमिट

मागच्या भागात म्हणालो होतो, की या वेळी जरा बसून बोलू. तर आज खरंच 'बसायच्या' गोष्टीवर बोलायचंय. ज्यांनी हा भाग ऐकला नाही आणि थेट वाचतायत, त्यांच्यासाठी हे लिखित रूप. बोलण्यातले अडखळे काढलेत, बाकी तसंच ठेवलंय.

सुरुवात चेंबूर स्टेशनजवळच्या एका परमिट रूममधून. नाव सांगत नाही, कारण अशा जागा सगळ्या एकसारख्याच असतात. खाली नॉन-एसी, वर एसी, आणि तीच बिअर जिना चढली की महाग होते. आम्ही तिघं खालीच बसतो. कॉलेजपासूनचे मित्र. एक बँकेत, एक इंजिनिअर, आणि मी हा असा, जुनी कागदपत्रं उकरणारा. इंजिनिअर कंपनीच्या कामासाठी सात-आठ महिने कोरियात, चांगवॉन शहरात राहून आला होता, म्हणून त्या दिवशी बसणं झालं.

वेटरनं न मागता टेबलावर चकणा आणून ठेवला. उकडलेले चणे, त्यावर कांदा, खारे शेंगदाणे, काकडीच्या चकत्या. इंजिनिअर हसायला लागला. म्हणाला, "अरे, तिकडे याला आन्जू म्हणतात."

मग तो सुटलाच. रस्त्याच्या कडेला केशरी ताडपत्रीचा तंबू, आत प्लॅस्टिकची स्टुलं, एका बाजूला शेगडी. त्याला म्हणतात पोजांगमाचा, लाडानं नुसतं पोचा. हिरव्या बाटलीतली सोजू, छोटे पेले, आणि समोर काहीतरी खायला हवंच. मिरचीच्या लाल रश्शातल्या तांदळाच्या कांड्या, माशाच्या वड्यांचं गरम पाणी, तव्यावरचं धिरडं. खाण्याशिवाय पिणं त्यांना विचित्र वाटतं. आपला पेला आपण भरायचा नाही, दुसऱ्यानं भरायचा. मोठ्या माणसाकडून पेला घेताना दोन्ही हात पुढे करायचे, आणि त्याच्यासमोर पिताना तोंड जरा बाजूला वळवायचं.

बँकवाला म्हणाला, "म्हणजे आपल्याकडे काका दिसले की ग्लास टेबलाखाली घालतात, तसंच की!"

हसलो आम्ही. पण घरी येताना माझ्या डोक्यात वेगळंच सुरू झालं. चेंबूरचं हे टेबल आणि चांगवॉनचं ते टेबल, दोन्ही इतकी साधी, इतकी निवांत. पण दोन्ही टेबलांवर काय ठेवायचं हे आधी सरकारनं ठरवलंय. आणि त्यातला एक निर्णय आमच्या घरापर्यंत आला होता. ते शेवटी सांगतो.

आधी मागे जाऊ. चेंबूर तेव्हा मुंबई नव्हतंच. साष्टी तालुक्यातलं, ठाणे जिल्ह्यातलं एक गाव होतं. मुंबई उपनगर जिल्हा वेगळा झाला तो 1920 मध्ये. या पट्ट्यात ताड-माड भरपूर. भंडारी समाजाची माणसं झाडावर चढून ताडी-माडी काढायची, आणि डोंगराकडची माणसं मोहाच्या फुलांची दारू गाळायची. ती घरची, गावची गोष्ट होती. 1878 मध्ये इंग्रज सरकारनं मुंबई अबकारी कायदा आणला. आता झाड छेदायचं तर त्याचा कर भरा, आणि दारू गाळायची तर ती ठेकेदारानं, सरकारी देखरेखीखाली. 1892 मध्ये तर ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी मोहाच्या फुलांचा वेगळा कायदा झाला. फुलं गोळा करून साठवण्यावरच बंधन आलं. म्हणजे झाडाखाली पडलेलं फूल उचलणं हासुद्धा गुन्हा ठरू शकत होता.

गंमत बघा. त्याच सुमाराला, थोडं नंतर, कोरियात हुबेहूब हेच चाललं होतं. तिथं घरोघरी तांदळाची दारू व्हायची. प्रत्येक घराची चव वेगळी. सणाला, श्राद्धाला ती लागायचीच. जपान्यांचा अंमल बसत गेला तसा 1909 मध्ये दारूकराचा कायदा आला, 1916 मध्ये तो आणखी कडक झाला, आणि 1934 मध्ये घरी दारू करण्याचा परवानाच बंद. दोन साम्राज्यं, दोन देश, पण हिशेब एकच. लोकांनी घरी केलं तर तिजोरीत काही येत नाही.

मग स्वातंत्र्य आलं. इथं दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. आपल्याकडे दारूचा प्रश्न नीतीचा झाला, त्यांच्याकडे भाताचा.

आपलं आधी घेऊ. बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळानं 1 ऑगस्ट 1939 ला मुंबईत दारूबंदी आणली. खातं होतं डॉ. गिल्डर यांच्याकडे, आणि ते स्वतः पारशी. या धंद्यात पारशी दुकानदार खूप होते, त्यामुळे समाजातूनच त्यांना मोठा विरोध झाला. तो प्रयोग टिकला नाही. पण स्वातंत्र्यानंतर 1949 चा मुंबई दारूबंदी अधिनियम आला, आणि एप्रिल 1950 पासून सगळ्या मुंबई राज्यात संपूर्ण दारूबंदी. यामागचं ठळक नाव मोरारजी देसाई. 1951 मध्ये बलसारा नावाच्या गृहस्थांचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. न्यायालयानं कायदा बहुतांशी उचलून धरला, फक्त अल्कोहोल असलेली औषधं आणि प्रसाधनं त्यातून सोडवली.

आता ही वर्षं चेंबूरसाठी कसली होती ते लक्षात घ्या. फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले, लष्कराच्या बराकींमध्ये राहिले, तोच आपला कॅम्प. 1948 मध्ये राज कपूरनं आर. के. स्टुडिओ काढला. 1954-55 मध्ये माहुलला दोन तेलशुद्धीकरण कारखाने उभे राहिले. मग वीजकेंद्र, खतकारखाना, अणुकेंद्र. कोकणातून, घाटावरून, दक्षिणेतून माणसं येत होती. तीन-तीन पाळ्यांत काम करणारी, घरापासून लांब, एका खोलीत आठ-आठ जण राहणारी. आणि नेमक्या त्याच वर्षांत या माणसांना उजेडात बसून एक ग्लास घ्यायला कायद्यानं जागा नव्हती.

मग काय झालं? अंधार झाला. 'आंटीचा अड्डा' हा शब्द जुन्या मुंबईकरांना सांगायला नको. कुणाच्या तरी घरातली मागची खोली, बाकडं, एक पेला, पटकन घशात आणि बाहेर. काळा गूळ आणि नवसागर कुजवून, खाडीच्या कडेला झाडीत भट्ट्या लागायच्या. माल मोटारीच्या टायरच्या ट्यूबमध्ये भरून यायचा. काही लोक तर फ्रेंच पॉलिश प्यायचे. हो, लाकडाला लावतात ते.

अशा ठिकाणी चकणा कसा असणार? बसायलाच वेळ नाही. पोलीस येईल. गप्पा नाहीत, मित्र नाहीत, फार तर जिभेवर चिमूटभर मीठ. माणूस दारू पीत होताच, फक्त त्या पिण्यातलं बसणं आणि खाणं गेलं होतं.

1963 च्या शेवटी वसंतराव नाईक मुख्यमंत्री झाले आणि त्यांच्या सरकारनं हा कायदा हळूहळू सैल करत नेला. नीट ऐका, सैल केला, रद्द नाही केला. तो आजही आहे. फक्त नाव आता महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम. दारूबंदी कायम आणि तिला अपवाद म्हणजे परवाना, अशी ही रचना. म्हणून त्या पाटीवर 'परमिट रूम' लिहिलेलं असतं. परमिट असलेल्या माणसानं बसायची खोली. आणि ते परमिट कशासाठी? कागदावर कारण असतं प्रकृती राखण्याचं! म्हणजे कायद्याच्या नजरेत आम्ही तिघं त्या दिवशी स्टेशनसमोर आपापली तब्येत सांभाळत बसलो होतो.

या खोल्या चालवायला पुढे आले ते बरेचसे उडुपी-मंगळूरकडचे शेट्टी. हॉटेलधंद्यातले, स्वयंपाकघर माहीत असलेले. माझा अंदाज असा, की चकण्याची वाटी टेबलावर स्थिरावली ती इथं. उजेड आला, खुर्ची आली, वेटर आला, बिल आलं. खारट दिलं की गिऱ्हाईक दुसरी बाटली मागवतं हा धंद्याचा हिशेब आहेच. पण पोटात काही गेलं की दारू रक्तात सावकाश उतरते, हेही तितकंच खरं. आणि चणे खायला वेळ लागतो. तेवढ्या वेळात माणूस बोलतो.

आता कोरियाकडे. युद्धानंतर देश उपाशी. पार्क चुंग-ही यांच्या सरकारला तांदूळ पोटासाठी हवा होता. 1965 च्या धान्य कायद्यानं धान्यापासून सोजू गाळायला बंदी घातली. तांदळाची पांढरी मक्कॉल्लीसुद्धा गेली, तिच्यात परदेशी गहू आला. मग सोजू कशाची करायची? रताळी, टॅपिओका, मळी, मिळेल त्यापासून शुद्ध अल्कोहोल काढायचं आणि त्यात पाणी, गोडी घालायची. आज जी हिरवी बाटली कोरियन मालिकांमध्ये दर दुसऱ्या प्रसंगात दिसते, ती या टंचाईची लेक आहे. तेव्हा ती 30 टक्क्यांची होती, 1973 पासून 25 ची, आणि आता 16 च्या आसपास आलीय. त्यात तिथं मध्यरात्री ते पहाटे चार संचारबंदी होती, 1945 पासून थेट जानेवारी 1982 पर्यंत. म्हणजे पिणं बारा वाजायच्या आत उरकायचं.

पण एक फरक लक्षात घ्या. कोरियन सरकारनं दारू कशाची करायची ते ठरवलं, घड्याळही लावलं, पण बसायचं टेबल काढून घेतलं नाही. भिकार सोजू का असेना, ती बाटलीबंद होती, तपासलेली होती, आणि समोर खायला होतं, शेजारी माणूस होता. आपण ते टेबलच काढून घेतलं.

आता अप्पांचं परमिट.

वडील गेल्यावर कपाट आवरताना रेशनकार्डाच्या पिशवीत एक छोटं पुस्तक सापडलं. 1974 सालचं. फोटो चिकटवलेला, त्यावर शिक्का, आत महिन्याच्या युनिटांचा हिशेब. मला हसू आलं. अप्पा वर्षातून चार वेळा घेत असतील फार तर. मी आईला म्हटलं, "एवढं जपून कशाला ठेवलं होतं गं यांनी?"

आई म्हणाली, "तुझ्या थोरल्या काकांमुळे."

थोरले काका आंधळे होते. मी त्यांना तसंच बघितलं. खिडकीशी बसलेले, रेडिओ कानाशी. लहानपणी आम्हाला सांगितलं होतं, 'ताप डोक्यात गेला.' त्या दिवशी आईनं खरं सांगितलं. काका माहुलला ठेकेदाराकडे रोजंदारीवर होते. 1966 च्या पावसाळ्यात रात्रपाळीनंतर चौघं मिळून खाडीजवळच्या अड्ड्यावर गेले. चौघांपैकी दोघं दुसऱ्या दिवशी गेले. काका वाचले, पण डोळे गेले. आणि पहिले काही तास कुणी इस्पितळात न्यायलाच तयार नव्हतं. कारण नेलं तर विचारतील, काय प्यायलास, कुठे प्यायलास. पिणं हाच गुन्हा होता ना.

हे जे झालं त्याचं शास्त्र साधं आहे. दारूत मेथिल अल्कोहोल आलं, की शरीर त्याचं फॉर्मिक आम्ल करतं आणि ते डोळ्यांची नस मारतं. विषाचा परिणाम दिसायला तास जातात, आणि तेच तास उपचाराचे असतात. त्यावरचा जुना उपचार काय माहितीये? साधं इथिल अल्कोहोल, म्हणजे आपल्या नेहमीच्या दारूतलंच. ते शरीरात असलं की मेथिलचं विष व्हायला उशीर लागतो.

पुढे परमिट मिळायला लागल्यावर अप्पांनी ते काढलं. आई म्हणाली, "स्वतःसाठी नाही रे. तुझ्या काकांना कधी घ्यावीशी वाटली तर घरात चांगली असावी म्हणून. दोघं भाऊ गॅलरीत बसायचे. मी शेंगदाणे भाजून द्यायचे."

दारूचं गुणगान करायला मी हा भाग केलेला नाही. दारूनं मोडलेली घरं मी पाहिलीत, आणि दारूबंदी मागणाऱ्या बायकांचं म्हणणं खोटं नाही. पण बंदी आली तेव्हा दारू थांबली नाही, ती अंधारात गेली, आणि अंधारात गेलेल्याची किंमत पाळीवरच्या माणसानं भरली. आजही तेच आहे. 2004 मध्ये विक्रोळी, 2015 मध्ये मालाडची मालवणी. मालवणीत शंभराहून जास्त माणसं गेली, सगळी गरीब वस्तीतली. जिना चढून एसीत बसणाऱ्यांतलं कुणी त्यात नव्हतं.

गेल्या आठवड्यात आम्ही तिघं परत बसलो. मी काकांचं सांगितलं. थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग इंजिनिअरनं बाटली उचलली, दोन्ही हातांनी माझा ग्लास भरला, आणि वेटरला म्हणाला, "दादा, चणे अजून एक प्लेट."

तुमच्या घरी आजोबांचं, वडिलांचं असं जुनं परमिट असेल तर टाकू नका. त्यामागची गोष्ट घरातल्या मोठ्यांना आत्ताच विचारून घ्या, आणि जमलं तर आम्हालाही कळवा. भेटू पुढच्या भागात.