मुलांच्या ताटाची शिस्त : धारवाड परिसराचा इतिहास

मुलाने काय खावे, किती खावे आणि कोणाच्या पंगतीला बसून खावे, या तीन प्रश्नांची उत्तरे धारवाड भागात गेल्या दीडशे वर्षांत वेगवेगळ्या हातांत गेली. आधी ती घराकडे होती, मग मठ आणि वसतिगृहांकडे आली आणि अखेरीस सरकारी शाळेकडे.  धारवाडचा हा सगळा मुलूख 1956 पर्यंत आधी मुंबई इलाख्यात आणि पुढे मुंबई राज्यात होता. त्यामुळे इथल्या कानडी आणि मराठी घरांच्या जेवणाच्या रीती एकमेकींत पुष्कळ मिसळलेल्या आहेत.

मराठी घरांत मुलाच्या जेवणाची सुरुवात उष्टावणाने होत असे. मुलाचे उष्टावण सहाव्या किंवा आठव्या, म्हणजे सम महिन्यात आणि मुलीचे पाचव्या किंवा सातव्या, म्हणजे विषम महिन्यात करायचे, असा रिवाज होता. मामाच्या मांडीवर बसवून चांदीच्या वाटीतली खीर बोटाने चाटवली जाई. गृह्यसूत्रांनीही अन्नप्राशनाला सहावा महिनाच सांगितला आहे. आजचे बालरोगतज्ज्ञ सहा महिने पूर्ण झाल्यावर वरचे अन्न सुरू करायला सांगतात. या एका बाबतीत जुनी रीत आणि नवा सल्ला यांच्यात फारसे अंतर नाही.

उष्टावणानंतर मुलासाठी वेगळा स्वयंपाक फार काळ होत नसे. मऊ भात आणि वरण यांवरून मूल ज्वारीच्या भाकरीवर येई. भाकरीचा पापुद्रा दुधात किंवा ताकात कुस्करून दिला जाई, शेंगदाण्याच्या चटणीचा तिखटपणा दह्याने मोडला जाई आणि हळूहळू दह्याचे प्रमाण कमी होई. अंबाडीची भाजी, कच्ची मेथी, वांगे या चवी मुलाला अशाच घरच्या ताटातून लागत. मुलाला आवडते ते वेगळे करून देण्याइतकी सवड आणि ऐपत बहुतेक घरांत नव्हती, हेही त्यामागचे खरे कारण होते.

पंगतीत मात्र शिस्त बारकाईची होती. पानात मीठ आणि लिंबू वरच्या बाजूला, चटणी-कोशिंबीर डावीकडे, भाजी उजवीकडे. वाढणारा भांडे घेऊन समोर आला की नको असणाऱ्याने तळवा पानावर आडवा धरायचा. ही खूण मूल बोलण्याआधीच शिकत असे. पानात टाकायचे नाही हा नियम कडक होता, पण त्याची दुसरी बाजू अशी की मागून घेण्याचा आणि पुरे म्हणण्याचा हक्क जेवणाऱ्याकडे होता. ताटात काय यायचे ते घरातली वडीलधारी माणसे ठरवत आणि किती यायचे ते मूल. ही वाटणी घरात मुलगे आणि मुली यांना सारखी लागू नव्हती. पुरुष आणि मुलगे आधी जेवत, बायका आणि मोठ्या मुली मागच्या पंगतीला, उरलेल्यावर.

शिक्षणासाठी घर सोडावे लागलेल्या गरीब मुलाची गोष्ट निराळी. ब्राह्मण मुलांना वार लावून जेवण्याची सोय होती : सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी. नाही तर झोळी घेऊन माधुकरी मागायची. या सोयीवर अनेकांची शिक्षणे झाली, पण त्यात मुलाला मागून घेता येत नसे. पानात पडेल ते आणि तेवढेच. शिवाय ही सोय एका जातीपुरती होती. बाकीच्यांना तीही नव्हती.

लिंगायत मठांत दासोहाची परंपरा बाराव्या शतकातील बसवण्णांच्या काळापासून सांगितली जाते. येणाऱ्याला अन्न द्यायचे आणि त्याला उपकार म्हणायचे नाही, हे तिचे सूत्र. धारवाडच्या मुरुघामठात मृत्युंजय स्वामींनी गरीब विद्यार्थ्यांसाठी प्रसादनिलय, म्हणजे जेवणाची सोय असलेले वसतिगृह, चालवले, ते याच परंपरेत. तिकडे कोल्हापुरात शाहू महाराजांच्या प्रोत्साहनाने 1901 पासून निरनिराळ्या समाजांची बोर्डिंगे निघाली. वसतिगृहे जातवार असल्याने पंगतीही जातवारच राहिल्या. ही भिंत साताऱ्यात भाऊराव पाटलांनी ओलांडली. त्यांच्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुले एकत्र राहत, हाताने स्वयंपाक करत आणि एका ओळीत बसून जेवत. 25 फेब्रुवारी 1927 रोजी महात्मा गांधींनी त्याला शाहू महाराजांचे नाव दिले. पैसा कमी पडला तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई पाटलांनी मुलांच्या जेवणासाठी मंगळसूत्रही विकले. जेवण साधेच होते. पण स्वतः थापलेल्या भाकरीची किंमत मुलांना शिकवावी लागली नाही.

स्वातंत्र्यानंतर शाळेच्या खाण्यात परदेशी मदतीतून आलेली दुधाची भुकटी आणि धान्य दिसू लागले. पुढे 15 ऑगस्ट 1995 रोजी केंद्राने प्राथमिक शाळांसाठी पोषण आहार योजना सुरू केली, तरी बहुतेक राज्यांत मुलाच्या हाती महिन्याला 3 किलो कोरडे धान्यच पडे आणि ते घरच्या डब्यात जाई. 28 नोव्हेंबर 2001 रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेले अन्नच द्यावे, असा आदेश दिला. कर्नाटकाने 2002 मध्ये ईशान्येकडच्या सात जिल्ह्यांत योजना आणली, नंतर ती इतर जिल्ह्यांत नेली आणि तिला नाव दिले 'अक्षर दासोह'.

हुबळी आणि धारवाडच्या मधोमध रायापूरला अक्षयपात्र संस्थेचे मोठे स्वयंपाकघर उभे राहिले. तिथे प्रचंड कढयांत भात आणि सांबार शिजते आणि बंद डब्यांतून गाड्यांनी शाळाशाळांत पोचते. स्वच्छता आणि नियमितपणा ही या पद्धतीची मोठी जमेची बाजू. तरी तिच्यात एक उणीव आहे : रांधणारा आणि जेवणारा यांची गाठच पडत नाही. गावातल्या शाळेत चुलीपाशी उभी असलेली बाई मुलाच्या चेहऱ्यावरून मीठ कमी झाले ते ओळखते. संस्थेचा स्वयंपाक कांदा-लसणाविना होतो, त्यावर कर्नाटकात बराच वाद झाला. कांदा-लसणाची फोडणी ही ज्यांच्या घरची रोजची चव, ती मुले पान अर्धे टाकतात, असा आक्षेप होता. पोषणमूल्यांत त्याने फरक पडत नाही, असे संस्थेच्या बाजूने सांगितले गेले. दोन्ही म्हणणी आपापल्या जागी खरी असू शकतात, कारण ताटातच राहिलेल्या पोषणाचा मुलाला उपयोग नाही.

1 ऑगस्ट 2013 पासून कर्नाटकातल्या शाळांत 'क्षीरभाग्य' योजनेत दूध मिळू लागले. अंड्याची वाट अवघड होती. डिसेंबर 2021 मध्ये मोजक्या जिल्ह्यांत ते सुरू झाले तेव्हा काही मठाधीशांनी कडाडून विरोध केला. 2022 मध्ये सरकारने ते राज्यभर लागू केले आणि न खाणाऱ्यांसाठी केळे किंवा शेंगदाण्याची चिक्की ठेवली. 2024 मध्ये अझीम प्रेमजी फाउंडेशनच्या मदतीने आठवड्यातले सहाही दिवस अंडे देण्याची सोय झाली. चिक्की नंतर बंद झाली; अंडे की केळे, हे घरच्यांच्या संमतीने मूल ठरवते. शाळेच्या ताटातील बाकीचे पदार्थ अजून वेळापत्रकाप्रमाणेच येतात.