बालकांच्या वाढीचीं ऐतिहासिक साधनें : तुळजापूर आणि भीमेचें खोरें

तुळजापूरच्या श्रीभवानीच्या दर्शनास येणाऱ्या कुटुंबांबरोबर लहान मूल बहुधा असतेंच. नवसाचें मूल देवीच्या पायांवर घालावें, त्याचें जावळ काढावें, ऐपत असेल त्यानें मुलाच्या भारंभार गूळ वांटावा, हे आचार महाराष्ट्रांतील कुलदैवतांच्या ठिकाणीं सर्वांच्या परिचयाचे आहेत. तुळजापूरच्या यात्रेंतील हीं मुलें पाहून आमच्या मनांत एक प्रश्न उभा राहिला, तो वाचकांपुढें मांडतों. शंभर, दोनशें, तीनशें वर्षांपूर्वीं ह्याच पायऱ्या उतरून गेलेलें सात वर्षांचें मूल केवढें होतें? त्याची उंची किती, वजन किती, आणि वयांत येतांना त्याची वाढ केव्हां व किती झाली?

प्रश्न साधा दिसतो, परंतु जुन्या दप्तरांत त्याचें उत्तर शोधूं जातां विलक्षण अनुभव येतो. मुलाच्या जन्माची वेळ आमच्या पूर्वजांनीं घटिका व पळें यांसह टिपून ठेविली. शक, संवत्सर, तिथि, नक्षत्र, चरण, सर्व कांहीं पत्रिकेंत आहे. पुढें मुंजीचा खर्च आहे, लग्नाची याद आहे. मूल मात्र केवढें होतें हें कोठेंही नाहीं. जन्मपत्रिकांचे गठ्ठेच्या गठ्ठे चाळले तरी एका बालकाची उंची हातीं लागत नाहीं.

हें अज्ञानामुळें झालें असें आम्हांस वाटत नाहीं. बालकांच्या आरोग्याचा विचार कौमारभृत्य ह्या नांवानें आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकीं एक अंग होऊन बसला होता. त्या अंगाचा मुख्य ग्रंथ जी काश्यपसंहिता, ती नेपाळांतील राजगुरु हेमराज शर्मा यांच्या खटपटीनें १९३८ सालीं छापून प्रसिद्ध झाली. शरीराचें मापही आचार्यांनीं सांगितलें आहे. चरकाच्या मतें पुरुषाची उंची ८४ अंगुळें, सुश्रुताच्या मतें १२० अंगुळें. दोन आंकड्यांतील विरोधावर पुष्कळ चर्चा झालेली आहे; आमचें लक्ष दुसऱ्याच गोष्टीकडे आहे. हीं अंगुळें ज्याच्या त्याच्या बोटाचीं आहेत. मनुष्य खुरटला तर त्याचें बोटही खुरटतें, आणि स्वतःच्या बोटानें मोजलेला खुजा मनुष्य उंच मनुष्याइतकाच भरतो. हें माप शरीराचा घाट सांगतें, वाढ सांगत नाहीं. उपासमारीनें मागें पडलेलें मूल ह्या मापाला दिसणेंच शक्य नव्हतें.

मोजण्याची विद्या तर देशांत होती. घोड्याला डाग व स्वाराची चेहरेपट्टी ही मोंगलांची पद्धति प्रसिद्ध आहे. १८५३ सालीं निजामानें नळदुर्गचा मुलूख इंग्रजांकडे लावून दिला, तेव्हां मेडोज टेलर तेथें अधिकारी होऊन आला व १८५७ पर्यंत राहिला. त्यानें ह्या मुलुखांतील जमिनीच्या मोजणीचें काम हातीं घेतलें. १८६० मध्यें मुलूख परत निजामाकडे गेला. ह्याच टेलरनें पुढें १८६३ सालीं तुळजापूरच्या पार्श्वभूमीवर ‘तारा’ ही कादंबरी लिहिली, म्हणजे येथील माणसांकडे त्याची दृष्टि नव्हती असें नव्हे. तरी मोजलें तें शेत. त्याच्या शंभर वर्षें आधीं, पानिपतच्या आगेंमागें, फ्रान्स देशांत माँबेयार नांवाचा गृहस्थ १७५९ मध्यें जन्मलेल्या आपल्या मुलाची उंची अठरा वर्षें वरचेवर मोजीत होता. तीं मापें ब्यूफाँनें १७७७ मध्यें छापलीं, आणि एकाच मुलाच्या वाढीची ती जगांतील पहिली अखंड नोंद समजली जाते. घरचें मूल भिंतीशीं उभें करून रेघ ओढणें ह्यापलीकडे तिला कांहीं साहित्य लागलें नव्हतें.

आमच्याकडे ह्या जातीची एक वाट तेवढी मोकळी दिसते, ती तुलेची. शके १५९६ मध्यें राज्याभिषेकप्रसंगीं श्रीशिवछत्रपतींची सुवर्णतुला झाली; हेन्री ऑक्सिंडेन हा इंग्रज वकील ती सुमारें १६,००० होनांची सांगतो. तो होन कोणता धरावयाचा ह्यावर वजनाचा आंकडा पालटतो, म्हणून आम्ही तो येथें काढीत नाहीं. पण पद्धति स्पष्ट आहे. एखाद्या घराण्याच्या जमाखर्चांत मुलाच्या तुलेचा गूळ वा साखर मणशेरांनीं लिहिलेली असेल, आणि त्याच घरीं त्या मुलाची पत्रिका असेल, तर वय व वजन दोन्ही हातीं आलीं. असे दोन कागद एकत्र कोणी आजवर मांडल्याचें आमच्या पाहण्यांत नाहीं.

कागद मुका आहे म्हणून मातीकडे वळावें लागतें. तुळजापूर तालुक्यांतील बोरी नदी नळदुर्गच्या किल्ल्यांतील पाणीमहालावरून वाहत जाऊन शेवटीं भीमेस मिळते. त्याच भीमेची दुसरी उपनदी घोड. तिच्या कांठीं पुणें जिल्ह्यांत इनामगांव आहे. तेथें डेक्कन कॉलेजनें १९६८ ते १९८३ पर्यंत उत्खनन केलें व सांकळिया, ढवळीकर आणि अन्सारी यांनीं तें नांवारूपास आणिलें. वस्तीचा काळ ख्रिस्तपूर्व १६०० पासून ७०० पर्यंतचा. ह्या लोकांची रीत अशी कीं, मेलेलें तान्हें मूल दोन मडक्यांत घालून, मडक्यांचीं तोंडें एकमेकांस लावून, घराच्या जमिनीखालींच पुरावयाचें. आईच्या चुलीपासून हातभर अंतरावर ठेविलेलीं हीं मुलें तीन हजार वर्षें तशींच राहिलीं. (अमरावती जिल्ह्यांत तुळजापूर गढी म्हणून एक ताम्रपाषाणयुगीन स्थळ आहे, नामसाम्यानें त्याची व आमच्या तुळजापूरची गल्लत होऊं नये.)

ह्या हाडांचा अभ्यास जॉन लुकाच व सुभाष वाळिंबे यांनीं केला, आणि पुढें ग्वेन रॉबिन्स शुग यांनीं नेवासें व दायमाबाद येथील बालसांगाड्यांसह त्याच सामग्रीवर १९११ च्या नव्हे, २०११ च्या सालीं स्वतंत्र ग्रंथ लिहिला. शतकाचा उल्लेख मुद्दाम केला. हें शास्त्र किती अलीकडचें आहे हें ध्यानांत यावें. पद्धति अशी आहे. दांत ठराविक क्रमानें तयार होतात आणि उपासमारीचा त्यांच्या वेळापत्रकावर फारसा परिणाम होत नाहीं. म्हणून दांतांवरून मुलाचें वय ठरतें. मांडीचें हाड मात्र अन्न तुटलें कीं वाढावयाचें थांबतें. दांत दोन वर्षांचे व हाड सव्वा वर्षाचें असें दिसलें म्हणजे मूल किती मागें पडलें होतें तें कळतें. दुधाच्या दांतांच्या लुकणावर खड्डे वा ओरखडे असले तर त्यांचा अर्थ आणखी मागें जातो, कारण त्या दांतांचा आरंभ आईच्या पोटांतच होतो. मुलाच्या दांतावर आईची स्थिति लिहिलेली असते, असें म्हटलें तरी चालेल. इनामगांवच्या शेवटच्या थरांत, म्हणजे ख्रिस्तपूर्व १००० नंतर, चौकोनी घरें जाऊन लहान गोल झोंपड्या आल्या, आणि त्याच थरांतील मुलांच्या वाढींत अधिक खोट दिसूं लागली.

येथें एक सावधगिरी अवश्य आहे. पुरलेलीं मुलें हीं मेलेलीं मुलें होत. जीं जगून मोठीं झालीं त्यांचें बालपण ह्या मडक्यांत नाहीं. दप्तरांतही हाच दोष उलट बाजूनें असतो. तेथें जगलेल्याचीच पत्रिका जपलेली असते. दोन्ही साधनें एकमेकांशीं ताडूनच वापरावीं.

मुलाची चण आईच्या पोटांत ठरूं लागते, ही दांतांनीं दिलेली साक्ष जिवंत माणसांतही तपासली गेली आहे, आणि तीही भीमेच्याच खोऱ्यांत. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९३ सालीं पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर स्त्रियांचें अन्न, श्रम व पुढें जन्मलेल्या मुलांचीं मापें नोंदण्यास प्रारंभ केला, आणि त्याच मुलांना वाढत्या वयांत पुनःपुन्हां मोजलें. पूर्ण दिवसांच्या नवजात बालकांचें सरासरी वजन २·७ किलो निघालें. इंग्लंडांतील साउदॅम्प्टनच्या बालकांचें ३·५ किलो होतें. आश्चर्य असें कीं वजनांत एवढें अंतर असूनही पाठीवरच्या कातडीखालची चरबी त्या मानानें फारशी कमी नव्हती. कमी पडलें होतें तें मांस. पालेभाजी, फळें व दूध अधिक खाणाऱ्या आयांचीं मुलें मोठीं होतीं. पाणी वाहणें, शेतांत राबणें ज्यांच्या वांट्यास अधिक, त्यांचीं लहान. कोणत्याही बखरीनें न सांगितलेली पाणवठ्यावरच्या खेपांची हकीकत अशी नवजात बालकाच्या मापांत उतरली आहे.

ह्या सर्वांचें महत्त्व आमच्या मतें असें. रिस्ले प्रभृति इंग्रज संशोधकांनीं उंची व नाकाचा आकार ह्या वंशाच्या खुणा मानिल्या, आणि आमच्याकडील पुष्कळ लेखकांनीं तें प्रमाण धरिलें. डॉ. इरावती कर्वे व वि. म. दांडेकर यांनीं १९५१ मध्यें महाराष्ट्रांतील शरीरमापांचें पुस्तक प्रसिद्ध केलें तेंही जातिजमातींचीं मापें सांगतें, वाढत्या मुलांचीं नव्हेत. मुलांची देशव्यापी मोजणी भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेनें १९५६ ते १९६५ ह्या काळांत केली, ती १९७२ मध्यें छापली गेली. त्यानंतर जागतिक आरोग्य संघटनेनें १९९७ पासून २००३ पर्यंत दिल्ली, ऑस्लो, आक्रा, मस्कत, ब्राझिलांतील पेलोतास व अमेरिकेंतील डेव्हिस येथील सुस्थितींतील मुलें मोजलीं, तेव्हां लांबींतील एकूण भेदांपैकीं सुमारें ३ टक्केच भेद स्थळास्थळांतील निघाला. मग ‘मराठवाड्याची चणच लहान’ हें सहज बोललें जाणारें वाक्य इतिहासकारानें तपासल्याविना लिहूं नये. शके १५५२ चा दुष्काळ, १८७६–७८ चा, १९७२ चा, हे ह्या भागावरून गेले. त्यांनीं हाडांत काय ठेविलें हें अजून कोणी वाचलेलें नाहीं.

वाढ पालटते ह्याचा अर्वाचीन पुरावाही जवळचाच आहे. २००५ मध्यें औरंगाबादेहून सुरू झालेल्या राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशनच्या काळांत महाराष्ट्रांतील दोन वर्षांखालील खुरट्या मुलांचें प्रमाण ३९ टक्क्यांवरून २०१२ मध्यें २३ टक्क्यांवर आल्याचें पाहणींत आढळलें. सात वर्षांत वंश बदलत नाहीं. मात्र २०१९–२१ च्या पाहणींत पांच वर्षांखालील मुलांत हेंच प्रमाण ३५ टक्के निघालें. वयोगट व पाहण्या भिन्न असल्यामुळें हे आंकडे सरळ एकाखालीं एक लिहितां येत नाहींत, तरी कार्य संपलें असें म्हणण्यास आधार उरत नाहीं.

आतां मुख्य विनंती. १९७५ पासून अंगणवाड्यांत मुलांचीं वजनें लिहिलीं जात आहेत. शाळांत त्याआधींपासून कोठें कोठें आरोग्यपत्रकें भरलीं जात. तुळजापूर तालुक्यांत अणदूर येथें हॅलो मेडिकल फाउंडेशन खेड्यांतील स्त्रियांना आरोग्यकार्य शिकवीत आलें आहे. अशा कामांतूनही कागद निपजतात. वही भरली कीं ती निरुपयोगी झाली हा समज सार्वत्रिक आहे. एका गांवच्या शाळेंतील उंची-वजनाचीं जुनीं पत्रकें पाहावयास आम्ही गेलों, तेव्हां तीं आदल्याच वर्षीं रद्दींत गेल्याचें समजलें. त्याच शाळेनें एका इनामाच्या सनदेची नक्कल कांचेंत बसवून जपलेली होती. सनदेच्या दुसऱ्या प्रती आढळतात. त्या पत्रकांची दुसरी प्रत कोठेंही नाहीं.

मॉरिशसला गेलेल्या मजुरांच्या नोंदवह्यांत वय, गांव व उंची लिहिलेली आहे. त्या मोका येथील महात्मा गांधी संस्थेंत सुरक्षित आहेत. ब्रेनन, मॅक्डोनाल्ड व श्लोमोविट्झ ह्या संशोधकांनीं अशाच मजूर-नोंदींवरून एकोणिसाव्या शतकांतील हिंदी लोकांच्या उंचीचा इतिहास मांडला. मुलूख सोडून गेलेल्याची उंची परदेशांत जपली गेली. तुळजापूर, नळदुर्ग, परांडें, तेर ह्या बाजूच्या ज्या सभासदांच्या संग्रहीं मुलांच्या तुलेचा उल्लेख असलेले जमाखर्च, शाळांचीं वा दवाखान्यांचीं मापपत्रकें, किंवा कोणा हौशी बापानें मुलाची उंची टिपलेली रोजनिशी असेल, त्यांनीं ती जपावी. खासगी नांवें झांकून केवळ वय, साल, गांव व माप एवढें उतरवून मंडळाकडे पाठविलें तरी पुढील अंकीं साभार प्रसिद्ध करूं.